पडद्याशेजारचा हरिचंद्र

मूकपटांच्या जमान्यात हरिचंद्र तंबूत पडद्याशेजारी उभा राहून गोष्ट सांगायचा. चित्रातल्या बाईनं पदर डोळ्यांना लावला, की इकडे त्याचा आवाज भरून यायचा आणि तंबूतल्या बाया हुंदके द्यायच्या. पुढे पडदाच बोलू लागला आणि याचं तोंड बंद झालं. तेव्हापासून वीस वर्षं तो अंबरनाथला गोणी उचलत होता.

बावन्न सालच्या जानेवारीत जवळच्या निर्वासितांच्या कॅम्पातल्या परसराम कापडवाल्यानं त्याला बातमी सांगितली. सरकार मुंबईत चित्रपटांचा मोठा महोत्सव भरवतंय, देशातला पहिलाच. मुलखामुलखांचे सिनेमे येणार, कुणाला न कळणाऱ्या भाषांतले.

"मग समजावून सांगायला माणूस लागणारच की!" हरिचंद्र म्हणाला. एक खाडा करून तो मुंबईला गेला.

दारावरच्या बाबूनं त्याचं सगळं ऐकून घेतलं. "काका, आता चित्राखाली इंग्रजीत लिहून येतं."

"पण इंग्रजी येतं कुणाला?"

"इथं येणाऱ्यांना येतं," बाबू म्हणाला. मग त्याचं त्यालाच कसंसं वाटलं असावं. त्यानं एक पास हरिचंद्राच्या हातात ठेवला.

आत पडद्यावर लढाईत मोडलेल्या पुलापाशी एक म्हातारी आपल्या मुलाला शोधत होती. भाषा कळत नव्हती, पण तिचं चालणं हरिचंद्राला कळत होतं. आपण कधी उठून उभे राहिलो, हे त्याला समजलंच नाही. "माये, पाण्याकडं बघू नको गं," तो मोठ्यानं म्हणाला. पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. कुणी गप्प बसायला सांगितलं. त्याला थांबता येईना. शेवटी दोघांनी दंडाला धरून त्याला बाहेर काढलं.

दिवेलागणीला तो घरी पोचला. त्याची बायको विठा भाकरी थापत होती.

"कधीपासून जायाचं?"

"त्यांना माणूस नको."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "शिनेमा तरी बघितलात?"

त्यानं म्हातारीची गोष्ट सांगितली. विठाचा हात परातीत थांबला. "मग? गावला का लेक तिचा?"

पूर्वी तंबूत रीळ तुटलं, की हरिचंद्र मनानंच शेवट रचून लोकांना घरी धाडायचा. आता त्यानं तसं काही रचलं नाही.

"ठाऊक नाही," तो म्हणाला.

विठानं पुन्हा भाकरी थापायला घेतली. "गावला असंल," ती हळूच म्हणाली.