घंटीच्या पोटातला कापूस

मित्रांनो, मुठीत मावेल एवढी मी एक पितळी घंटी आहे. माझ्या कडेला एक पोचा आहे, तो कसा पडला ते आज सांगते. ऐकायला बरं वाटेल असं त्यात फारसं काही नाही. माझं तोंड बंद झालं आणि बारा दिवसांत जे व्हायचं ते होऊन गेलं.

एका ओताऱ्याने मला घडवलं. मोठा चिकट माणूस! पहिल्या खेपेला माझा आवाज बसका आला, म्हणून त्याने मला सरळ पुन्हा भट्टीत टाकलं. दुसऱ्यांदा माझा लोलक हलवून त्याने कान लावला आणि म्हणाला, "हां, आता लांबवर जाईल." या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं फुशारकी मारत होते.

पुढे कपडे शिवणाऱ्या एका ताईने मला विकत घेऊन दुकानाच्या दारावर टांगलं. दार उघडलं की मी वाजायचे आणि ताई शिलाई मशीनवरून मान वर करायची. तिचा धाकटा भाऊ रानातल्या अस्वलांमध्ये राहायला निघाला, तेव्हा तिने त्याची पुष्कळ समजूत घातली. त्याने काही मनावर घेतलं नाही. शेवटी तिने मला दारावरून काढलं आणि त्याच्या काठीला बांधलं.

"दचकलेलं अस्वल वाईट, असं तूच सांगतोस ना?" ती म्हणाली. "मग तू येतोयस हे त्यांना आधी कळू दे." बटणं तुटली तर लावायला सुई आणि निळ्या दोऱ्याचं रीळही तिने त्याच्या खिशात कोंबलं.

अकरा वर्षं मी त्या काठीवर वाजले. नदीकाठी लाकडाची एक झोपडी होती. सभोवार कमरेएवढं गवत आणि त्यात अस्वलं. सुरुवातीला माझा आवाज ऐकून ती पळून जायची. मग मी त्यांच्या अंगवळणी पडले. एक कान फाटलेली मादी होती, तिला तो कानफाटी म्हणायचा. मी वाजले की ती मान वर करून बघायची आणि पुन्हा मासा खायला लागायची. तो मात्र चाळीस पावलं लांब बसायचा. त्याच्या आत कधीही गेला नाही. गावातले लोक अस्वलं दिसली की बंदुका काढत, आणि ते थांबावं एवढी एकच गोष्ट त्याला हवी होती.

म्हणूनच माहितीपट काढणारी मंडळी आली तेव्हा त्याला आभाळ ठेंगणं झालं. एक दिग्दर्शक बाई, एक कॅमेरावाला आणि एक आवाज टिपणारा. या तिसऱ्याला सगळे कानसेन म्हणत, कारण लांबच्या पानाची सळसळही त्याच्या कानातून सुटायची नाही. त्याला मी पहिल्याच दिवशी नकोशी झाले.

"काका, तुम्ही बोलता त्या प्रत्येक वाक्यावर ही किणकिणते," तो ताईच्या भावाला म्हणाला. "दोन दिवस गप्प करू या का? हिचा आवाज मी वेगळा घेऊन ठेवतो, मागाहून चित्रपटात घालता येईल."

त्याने झोपडीत मला मिनिटभर वाजवून घेतलं. मी मूर्ख, कौतुक समजून जीव ओतून वाजले. मग त्याने माझ्या लोलकाभोवती कापूस गुंडाळला. तो सुटायला लागला तेव्हा काकांनी स्वतःच खिशातून ताईचा निळा दोरा काढून दिला. चित्रपट झाला तर बंदुका थांबतील, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

तिसऱ्या दिवशी एक तरुण अस्वल झुडपाआडून एकदम समोर आलं. ते मागच्या पायांवर उभं राहिलं आणि जोरजोरात फुत्कारलं. काका जागच्या जागी थिजले. बऱ्याच वेळाने ते निघून गेलं. कॅमेरावाला मात्र खूश होता. "इतक्या जवळून कधी मिळालं नव्हतं," तो म्हणाला. दोन दिवस उलटले होते, पण कापूस काढायचं नाव कोणी काढलं नाही.

बाराव्या दिवशी सकाळी दाट धुकं होतं. वारा समोरून येत होता, त्यामुळे आमचा वास पुढे जात नव्हता. काका पुढे चालत होते आणि बाकीचे मागे. गवतापलीकडे मला कोणाच्या तरी चावण्याचा आवाज आला. मग पिल्लांचं कुईकुई. मी अंगातलं सगळं बळ लावून हलले, पण आतून नुसती थप थप झाली. काकांनी आणखी एक पाऊल टाकलं.

कानफाटी सहा पावलांवर होती. तिने दचकून मागे पाहिलं. धुक्यात तिला माणूस दिसला, आपला माणूस दिसला नाही. पुढचं मी सांगत नाही. काठी दगडावर आपटली आणि हा पोचा पडला. काका तिथेच गेले. दुसऱ्या दिवशी वनरक्षकांनी कानफाटीला गोळी घातली. तिच्या पिल्लांचं काय झालं ते मला माहीत नाही.

काठी आणि मी ताईकडे पोचलो. कापूस पाहून ती बुचकळ्यात पडली, पण भावाच्या हातचं म्हणून तो तिने तसाच ठेवला. मला ती पिशवीत घालून हिंडायची. वर्षभराने चित्रपट दाखवला गेला, तेव्हाही मी तिच्या मांडीवर होते.

पडद्यावर धुकं आलं. काकांची पाठ दिसली. आणि मित्रांनो, त्या धुक्यात मी वाजत होते! स्वच्छ, खणखणीत, पावलागणिक. झोपडीतलं ते मिनिट तिथे आणून चिकटवलं होतं.

दिवे लागल्यावर पुढच्या रांगेतले एक गृहस्थ उठले. "घंटी ऐकूनसुद्धा ती अंगावर आली, म्हणजे तिच्या मनात आधीपासूनच होतं," ते म्हणाले. "अशी जनावरं दिसली की मारलीच पाहिजेत." बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. दिग्दर्शक बाई मंचावर होत्या, त्यांनी पुढचा प्रश्न मागितला.

ताई उभी राहिली. तिने मला वर धरलं आणि जोराने हलवलं. काहीच वाजलं नाही. तिने पुन्हा हलवलं.

"दोरा माझा आहे," ताई म्हणाली. "मी तो बटणांसाठी दिला होता. कापूस कोणाचा आहे?"

मागच्या भिंतीशी कानसेन उभा होता. तो खाली बघत म्हणाला, "माझा. त्या दिवशी ही वाजत नव्हती."

आता चित्रपटात त्या जागी माझा आवाज नाही. काकांची पावलं तेवढी ऐकू येतात. कानफाटीला कोणी दगाबाज म्हणत नाही. पण ती परत आली नाही, आणि काकाही आले नाहीत.

मित्रांनो, सावध करणाऱ्याचा आवाज कानाला टोचतोच, तो गोड लागावा म्हणून कोणी केलेला नसतो. तुमच्या घरीही कोणी सारखं "जपून जा" म्हणत असेल. त्यांच्यावर वैतागा हवं तर, पण त्यांना गप्प करू नका.

ताईने सुईने कापूस उकरून काढला आणि मला पुन्हा दारावर टांगलं. दार उघडलं की मी वाजते. ताई मशीन थांबवून मान वर करते, आलेल्या माणसाकडे क्षणभर बघत राहते, आणि मग विचारते, "काय शिवायचंय?"