एका मोबाइल नंबरावर दोघी

मी दारव्ह्याच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर आहे. कापसाची गाडी आली की पावतीचा नंबर कॉम्प्युटरच्या शीटमध्ये टाकायचा. एकच नंबर दोनदा दिसला तर एक ओळ उडवायची. कित्येक वर्षं हेच करतो.

माझी बायको विमल दिवाळीनंतर वारली. महिलांच्या दौडीची नोंदणी दरवर्षी तीच करायची. यंदाचा ऑनलाइन फॉर्मही तिनेच सुरू केला होता. पुढे शाळेतले पीटीचे तनवीर सर मला म्हणाले की हे काम आता तुम्ही पुरं करा. मी हो म्हटलं. रिकाम्या घरात बसून तरी काय करणार होतो?

फॉर्म गेला की नाही हे न कळल्यामुळे बऱ्याच बायकांनी तो दोन-तीनदा भरला होता. मी काट्यावरच्या सवयीने एका मोबाइल नंबराची पहिली ओळ ठेवली, बाकीच्या उडवल्या. यादी चोख झाली असं वाटलं. तिच्यावरूनच छातीवर लावायचे नंबर छापले.

रविवारी सकाळी मैदानात नुसता गलका होता. तेवढ्यात रंजिता आली. वर्षभर शेतरस्त्यावर पळून तिने तयारी केली होती, कारण पहिल्या तिघींना जिल्ह्याच्या संघात घेणार होते. पण तिचं नाव यादीत नव्हतं. यादीत नाव नाही तर नंबर नाही, असं सरांनी सांगितलं. तिचा चेहरा पार उतरला.

तिची सासू धुरपताबाई पन्नाशीपुढच्या गटात होती. तिने आपला नंबर काढून सुनेपुढे धरला.

"माहा लाव अन् पळ. मले कोण पायते?"

उशीर होत होता म्हणून सरही तयार झाले. मी नाही म्हटलं. "वेळ तुमच्या नावावर चढेल, बाई. निवड तुमची होईल."

"मंग जाईन म्या जिल्ह्याले. काहून, मी काय वाईट पळतो?"

सगळे हसले. रंजिता हसली नाही. फॉर्मात फोन कोणाचा दिला, असं मी तिला विचारलं. ती लाजली, तेव्हा सासूच बोलली, "माह्या पोराचा, गोपालचा. घरात फोन एकच हाय, दोघीयनं तोच देल्ला."

तेव्हा माझी चूक लक्षात आली. घरात फोन एक असला तर बायको, सासू, पोरगी सगळ्या एकाच नंबरावर. आणि मी त्यांना पावतीसारखं मोजलं होतं.

नशीब, उडवण्याआधीच्या शीटची प्रत मी ठेवली होती. सरांना थोडं थांबायला सांगितलं आणि जीपच्या बोनेटवर लॅपटॉप उघडला. आता नाव, गाव आणि वय तिन्ही जुळली तरच ओळ उडवायची. यादीतून गेलेल्या बायका भराभर परत आल्या. मी नावं पुकारू लागलो, गर्दीतून एकेक धावत पुढे येऊ लागली. मदतीला आलेली गझाला कागदावर मार्करने नंबर लिहून पिना लावत होती. कितीतरी दिवसांनी अंगात जीव आल्यासारखं वाटत होतं.

मध्येच माझा स्वतःचा मोबाइल नंबर दिसला. एक ओळ माझी, संपर्कासाठी. खाली विमलची, जाण्याआधी तिनेच भरलेली. तिलाही मीच उडवलं होतं. तिच्या ओळीत 'अनुपस्थित' लिहिलं, ओळ ठेवली, आणि पुढचं नाव पुकारलं.

शिट्टी झाली. बायका सुटल्या. परतीच्या वाटेवर पहिली पोरगी दिसली, आणि तिच्या मागोमाग छातीवर कागद फडफडवत रंजिता. मी इतका ओरडलो की घसा बसला. ती दुसरी आली.

सरांनी नंबर वाचला. मी तिच्या ओळीत वेळ टाकली. ती धापा टाकत स्क्रीनवर वाकली आणि बोट ठेवून म्हणाली, "भाऊ, हे मीच नं?"

"तूच."

पार शेवटी धुरपताबाई पोचली, चपला हातात घेऊन. तिने पाणीही मागितलं नाही. आधी सुनेचं काय झालं ते विचारलं. मग माझ्याकडे वळली.

"आता माहाबी टाइम टाक. शेवटची आली तरी ओळ माही हाय."