पाणी त्या टोकाला

मी कोंबड्यांचं दाण्याचं भांडं बोलतंय. एका सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मला माझ्या सोबत्यापासून, पाण्याच्या भांड्यापासून वेगळं केलं. तेव्हापासून मी विचारात पडलंय.

तसं मी नवंच. वर पांढरी टाकी, खाली लाल थाळी. घरामागच्या जाळीच्या खोलीत सूनबाईने मला दोरीने टांगलं. खाली लाकडाचा भुसा पसरला. पिल्लं आली तेव्हा मुठीत मावत होती. ती वाढतील तशी सूनबाई माझी दोरी वर घेई, कारण थाळी त्यांच्या पाठीएवढ्या उंचीवर नसली की ती दाणा पायांनी उधळतात. पाण्याचं भांडं तिने अगदी माझ्या शेजारी ठेवलं, बिचाऱ्यांना चालायला नको म्हणून. थाळी तर कधी रिकामी होऊ दिली नाही.

मला एक कळायचं नाही. ही पाखरं बसूनच का खातात? मान इकडे केली की दाणा, तिकडे केली की पाणी. अंगं भराभर भरली, पाय मात्र काडीसारखेच राहिले. खालचा भुसा ओला झाला, छातीची पिसं झडली. सगळ्यात जाड्याला सूनबाई शेठ म्हणायची. एकदा तिने त्याला उभं केलं आणि हात काढला, तर त्याने तिथंच फतकल मारली. तिचं तोंड एवढंसं झालं. मांसासाठी पाळलेली ही तिची पहिलीच खेप, आणि तीच पांगळी होते की काय?

सासूबाई दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "ताट तोंडाशी, पाणी तोंडाशी. असं सासर मला नाही गं मिळालं. उठायचं कशाला त्यांनी?"

 दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाईने मला उचललं आणि पार दुसऱ्या टोकाला नेऊन टांगलं.

काय गिल्ला झाला म्हणून सांगू! हलकी पाखरं धडपडत आली. शेठ मात्र पाण्यापाशी बसून ओरडत राहिला. सूनबाईला ते बघवेना. काखेत आपलं मूल तसंच घेऊन ती मला परत न्यायला धावली. सासूबाईंनी तिचा हात धरला.

"थांब. भूक लागलीय त्याला, जीव नाही जात."

शेठ पाणी प्याला. उठला. थोडं चालला, बसला, दम खाल्ला. पुन्हा उठला. सूनबाई श्वास रोखून उभी होती. तो माझ्यापाशी पोचला तेव्हा त्याच्या चोचीवरचा एक थेंब माझ्या थाळीत पडला.

आता दिवसभर सगळ्यांच्या येरझारा चालतात. भुसा कोरडा आहे, पाय भरलेत. यांना शेवटी कुठं जायचंय ते मला ठाऊक आहे. पण तोवर आपल्या पायांनी जेवायला यावं की नाही? आणि एवढी माया करणाऱ्या बाईच्या हातून पाखरं पांगळी व्हायची वेळ कशी आली, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

तुमच्या ओळखीत कुणी कोंबड्या पाळत असेल तर एवढं कळवा, दाणा एका टोकाला, पाणी दुसऱ्या. आणि त्या टोकाला गेलात तर पाण्याच्या भांड्यालाही सांगा, शेठ रोज येतो. येताना तुझा थेंब घेऊन येतो.