मासे घाबरतील

पाणबुड्याच्या नोकरीला अठरा वर्षं झाली होती. धरणाच्या दरवाजांसमोरच्या जाळ्या पाण्याखाली जाऊन साफ करायच्या, हे त्याचं काम. एका बुडीला चाळीस मिनिटं, त्यावर एक नाही. गेल्या महिन्यात तो एकोणपन्नासाव्या मिनिटाला वर आला, तेही वरून दोराला तीनदा हिसका दिल्यावर. घड्याळ होतं घरी, कपाटात. सासऱ्यांनी लग्नात दिलेलं. ओरखडा पडू नये म्हणून रुमालात गुंडाळलेलं.

मुकादम एकच वाक्य बोलला, "मनगटावर घड्याळ नाही, तर पाण्यात पाय नाही."

घरचं घड्याळ पाण्यात न्यायला तो तयार नव्हता, म्हणून शनिवारी नवरा-बायको घड्याळाच्या दुकानात आले. बायको कपडे शिवते. गिऱ्हाइकाला अंगात घालून हात वर करायला, खाली वाकायला लावल्याशिवाय ती कपडा हातावेगळा करत नाही.

दुकानदाराने मखमलीवर दोन घड्याळं मांडली. दोन्ही पाण्याखाली वापरायची. पहिलं नामांकित कंपनीचं. किंमत ऐकून बायकोने खुर्ची ओढून घेतली. दुसरं त्याच्या दहाव्या हिश्शात येणारं. पाणबुड्याची नजर पहिल्यावरून हलेना.

"यात विशेष काय, भाऊ?" बायकोने विचारलं.

"वहिनी, हे बाहेरचं कडं बघा. बुडी मारताना काट्याशी जुळवायचं, म्हणजे किती मिनिटं झाली ते कळतं. आणि फिरतं एकाच बाजूला. धक्का लागून सरकलं, तरी वेळ जास्तच झालेली दाखवणार, कमी कधीच नाही."

"म्हणजे चुकलं तरी माणूस लवकर घरी येणार?"

"अगदी!"

"आणि त्या दुसऱ्यात?"

दुकानदार जरा घुटमळला. "त्यातही आहे."

"अगं, पण हे तीनशे मीटर खोल जातं," पाणबुड्या म्हणाला.

"आणि तुम्ही?"

"वीस."

"बरं. घाला मनगटात." कोपऱ्यात माशांची मोठी काचेची टाकी होती. तिने तिकडे बोट दाखवलं. "आता हात बुडवा."

"बुडवा की, दादा," दुकानदार म्हणाला. "काही होत नाही."

पाणबुड्याने बाही दुमडली. हात पाण्याच्या वीतभर वर थांबला.

"कशाला उगीच? मासे घाबरतील."

"मासे?"

"लहान आहेत गं."

बायकोने ते घड्याळ काढलं, दुसरं चढवलं. "आता..." एवढंच ती म्हणाली, तोवर हात कोपरापर्यंत पाण्यात होता. मासे जवळ आले आणि कड्याला तोंड लावून बघू लागले. पाणबुड्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग बायकोकडे, आणि त्याचं त्यालाच हसू फुटलं. दुकानदाराने तोंड फिरवलं. खांदे मात्र हलत होते.

"अठरा वर्षं पाण्यात," बायको डोळे पुसत म्हणाली, "आणि घाबरले कोण, तर मासे!"

पहिलं घड्याळ पाणबुड्याने स्वतःच दुकानदाराकडे सरकवलं. "हेही रुमालातच गेलं असतं."

सोमवारी तो अडतिसाव्या मिनिटाला वर आला. दोराला कुणी हात लावला नव्हता. संध्याकाळी दारातूनच त्याने मनगट पुढे केलं. काचेवर तिरका, ठसठशीत ओरखडा.

"पहिल्याच दिवशी?"

"जाळीला घासलं. कडंही सरकलं, दोन मिनिटं फुकट गेली."

"सरकू दे," बायको म्हणाली, आणि तिने शिलाईचं मशीन बंद केलं.