स्लॅबची खोली

शाळेच्या खोलीत कापूस भरून ठेवायचा, यात आमच्या उमरटाकळीत कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. ते वाटलं नव्या मॅडमना, आणि तेही रुजू झाल्याच्या पहिल्याच दिवशी.

गाव तेलंगणात, पण शाळा मराठी. शाळा म्हणजे दोन खोल्या. एक जुनी पत्र्याची, दुसरी अलीकडे बांधलेली स्लॅबची. पत्र्याच्या खोलीत पोरं बसायची आणि स्लॅबच्या खोलीत धोंडीबाचा कापूस बसायचा. माझं किराणा दुकान शाळेच्या बरोबर समोर आहे, त्यामुळे हे सगळं मी गल्ल्यावर बसल्या बसल्या वर्षानुवर्षं पाहत आलोय. आधीचे लक्ष्मणराव गुरुजी फार समजूतदार माणूस. धोंडीबाच्या मळ्यातली मेथी आणि वांगी त्यांच्या पिशवीत पडत गेली, की कापसाला ओल सोसत नाही आणि पोरांना सगळं सोसतं हे त्यांना आपोआप पटायचं. गावालाही पटलेलं होतं. धोंडीबाच्या घरात जागा नाही आणि शाळेत एक खोली जास्तीची, मग कापूस दुसरीकडे ठेवणार कुठे?

नव्या मॅडमचं नाव अपूर्वा. आदिलाबादच्या. वडील बँकेत नोकरीला, घरात तीन पिढ्या पगारावर जगलेल्या. मॅडम स्कूटीवरून उतरल्या, डोक्याचा रुमाल सोडला, दोन्ही खोल्यांना एक चक्कर मारली आणि कुलूप लावलेल्या दारापाशी थांबून मला विचारलं, याची किल्ली कुणाकडे असते? मी म्हटलं, धोंडीबाच्या कमरेला. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. पण ते अक्षरशः खरं होतं. धोंडीबानं किल्ली करदोड्यात ओवलेली होती आणि करदोड्याची गाठ त्यालाही सुटत नव्हती. कुलूप उघडायचं तर तो दाराला पोट लावून उभा राहायचा आणि श्वास आत ओढून किल्ली फिरवायचा. त्या वेळी मागून बघणाऱ्याला वाटायचं की म्हातारा दाराच्या गळ्यात पडून रडतोय.

धोंडीबा आला. मॅडमनी त्याला नीट बसवून सांगितलं, की काका, उन्हात पत्रा तापतो, पोरांची डोकी दुखतात, ही खोली शाळेची आहे, ती रिकामी करून द्या. धोंडीबानं सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, कापूस काई बोलत नाई, काई मागत नाई, तुमच्या पोट्ट्यायले तरास देत नाई," तो म्हणाला. "राहू द्या ना बापा. भाव आला का उचलतो."

"भाव कधी येणार, काका?"

"थे मले कसं मालूम? भाव काय मले इचारून येते?"

झालं. त्या दिवसापासून दोघांची रोज जुंपायची. सकाळी मॅडम स्कूटी लावायच्या आणि धोंडीबाला राम राम घालायच्या आधी खोलीचं विचारायच्या. धोंडीबा आभाळाकडे बघून भावाचं बोलायचा. मॅडम मंडलाच्या शिक्षण कार्यालयात तक्रार करीन म्हणायच्या. धोंडीबा म्हणायचा, करा, साहेबालेही मेथी आवडतेच. मॅडमनी मेथी घ्यायची बंद केली. मग धोंडीबा कोथिंबीर आणू लागला. गावानं मजा पाहिली आणि माझ्या दुकानाच्या ओट्यावर गिऱ्हाईक वाढलं. धोंडीबाची बायको मनकर्णा मात्र नवऱ्याच्या बाजूनं नव्हती. ती उघड म्हणायची, की लेकरायची जागा लेकरायले द्या, कापूस माह्या उरावर ठेवा. पण तिचं धोंडीबानं लग्नापासून ऐकलेलं नव्हतं.

फाल्गुन लागला होता. शेतात हरभरा उभा होता, जोंधळा दाण्यात आला होता. त्या दिवशी दुपारची खिचडी खाऊन पोरं नुकती वर्गात बसली असतील, तेवढ्यात पैनगंगेच्या बाजूनं आभाळ भरून आलं. नुसतं काळं नव्हे, खालून हिरवट. असं आभाळ दिसलं की आमच्याकडे जाणती माणसं बोलायचं थांबतात. मी दुकानातली मिरचीची पोती आत ओढायला लागलो आणि तोवर वाऱ्याचं वावधान आलं.

शाळेचा पत्रा पहिल्यांदा एका कोपऱ्यानं उचलला. मग दुसऱ्या. मग कुणीतरी पांघरूण ओढून काढावं तसा निम्मा पत्रा निघाला आणि माझ्या दुकानावरून धोंडीबाच्या मळ्यात जाऊन पडला. मी गल्ल्याखाली बसलो. याची मला लाज नाही, पत्रा डोक्यावरून गेला की गल्ल्याखालीच बसतात. लगेच गारा सुरू झाल्या. आधी बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या. पुढे मोजमाप घ्यायला कुणी बाहेर राहिलं नाही.

मी फटीतून पाहिलं. मॅडमनी पोरांच्या डोक्यावर दप्तरं धरायला लावली होती आणि सगळ्यांना एकमेकांचा हात धरायला सांगून त्या स्लॅबच्या खोलीच्या दारापाशी घेऊन आल्या होत्या. दारावर छज्जा आहे, पण तो वीतभर. त्याखाली पहिली दोन पोरं मावली, बाकीची गारांत. मॅडम हातात वीट घेऊन कुलपावर हाणत होत्या. पोरं रडत होती. दुसरीतल्या रंजीताच्या कपाळावर गार लागून रक्त आलं होतं आणि ती रडायचं सोडून रक्ताचा हात बघत उभी होती. मी घमेलं डोक्यावर घेऊन निघालो खरा, पण माझ्याआधी धोंडीबा निघाला होता. त्याच्याही डोक्यावर घमेलं, आणि गारा त्यावर अशा वाजत होत्या की वाजंत्री वाटावी.

कुलूप फोडतायत हे त्यानं लांबूनच पाहिलं असणार. ओरडतच आला.

"थांबा, थांबा! कुलूप नवं हाय!"

मॅडम बाजूला झाल्या. धोंडीबानं घमेलं फेकलं आणि दाराला पोट लावलं. त्या दिवशी मात्र कुणी हसलं नाही. भिजलेला करदोडा आखडला होता, किल्ली कुलपापर्यंत पोचेना. म्हातारा टाचा उंच करून, गारा पाठीवर घेत, श्वास ओढून धडपडत होता. शेवटी कुलूप उघडलं.

दार उघडलं आणि पांढरी भिंत दिसली. कापूस दारापर्यंत, वर स्लॅबला टेकलेला. आत उंदराला जागा नव्हती, तिथे इतकी पोरं जाणार कशी? तीन-चार पोरं मॅडमनी कापसात खुपसली, ती चढून वर गेली. पुढे जागा संपली. मॅडमनी एक क्षण धोंडीबाकडे पाहिलं, साडीचा पदर खोचला आणि दोन्ही हातांनी कापूस उपसून बाहेर टाकायला सुरुवात केली. बाहेर म्हणजे चिखलात, गारांत.

"मॅडम, काय करून राह्यले? माह्या सालभराचा कापूस हाय थो!" धोंडीबा त्यांच्या हाताला धरायला गेला.

मॅडम थांबल्या नाहीत. त्यांचा आवाजही चढला नाही. त्या म्हणाल्या, "काका, आत एकच मावेल. कापूस नाही तर पोरं. तुम्ही सांगा, मी तसं करते."

धोंडीबानं मागे पाहिलं. दप्तर डोक्यावर घेतलेली पोरं रांगेत उभी होती. मॅडमनी रांग सोडू नका म्हटलं होतं म्हणून गारांतसुद्धा रांग मोडली नव्हती. धोंडीबाची पोरंबाळं या शाळेत नव्हती. त्याचा नातू भीमपूरला व्हॅननं इंग्रजी शाळेत जातो. रांगेतलं एकही त्याच्या घरचं नव्हतं. तो तोंडात काहीतरी पुटपुटला, धोतर वर खोचलं आणि मॅडमना म्हणाला, "तुमच्यानं नाई होत. सरका."

आणि मग त्यानं कापूस उपसला. मी पाहिलंय, शेतातून घरी आणताना तो एकेक बोंड वेचून झटकून घ्यायचा, काडी दिसली की बायकांवर खेकसायचा. तोच माणूस कवेत मावेल तेवढा उचलून मागे न बघता चिखलात फेकत होता. फेकताना शिव्या देत होता, त्या मॅडमना नव्हे, वर आभाळाला. त्यातली एकही इथे सांगण्यासारखी नाही. मीही हात लावला. जागा होईल तसतशी मॅडम पोरं आत ढकलत गेल्या, आणि शेवटी रंजीताला कडेवर घेऊन त्या स्वतः शिरल्या. धोंडीबा आणि मी दारातच बसलो. गारा पायांवर येत होत्या.

बराच वेळ गेला. तिकडे मनकर्णानं अंगणात कुऱ्हाड फेकली. गारा थांबाव्यात म्हणून आमच्याकडे लोखंड अंगणात टाकतात. थोड्या वेळानं गारा थांबल्या. कुऱ्हाडीनंच थांबल्या असं ती आजही सांगते, आणि तुम्ही आधी का नाही फेकली असं मी विचारलं तर महिनाभर माझ्या दुकानातून साखर नेत नाही.

पोरं बाहेर आली ती डोक्यापासून पायापर्यंत पांढरी. भुवयांना, कानांना, नाकात कापूस. एकमेकांना बघून ती हसायला लागली. मॅडमही तशाच, त्यात डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्यामुळे गालांवरचा कापूस चिकटून बसला होता. धोंडीबा हसला नाही. तो अंगणात उभा राहून चिखलातल्या कापसाकडे बघत होता. त्यानं एक बोंड उचललं, पिळलं, पाणी गाळलं आणि खिशात ठेवलं. मॅडम त्याच्याजवळ गेल्या आणि वाकून चिखलातला कापूस वेचू लागल्या.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, आणि त्याबरोबर आणखी एक बातमी आली. मंडलातून मॅडमना फोन होता. शाळेचं छप्पर गेलंय, तर दुरुस्ती होईपर्यंत पोरं नाल्यापलीकडच्या तेलुगू शाळेत बसवा. साहेब दोन-चार दिवसांत मुआयन्याला, म्हणजे पाहणीला, येतील. दुरुस्ती होईपर्यंत म्हणजे काय ते गावाला न सांगता कळलं. पलीकडच्या गावची मराठी शाळा अशीच दुरुस्तीला गेली होती, ती अजून दुरुस्तीतच आहे. आमच्या पोरांना तेलुगू येतं ते बाजारापुरतं. ती तिथे मागच्या रांगेत मुकाट बसणार आणि उन्हाळ्यानंतर ढोरांमागे दिसणार.

मॅडम धोंडीबाच्या घरी गेल्या. खोलीत अजून निम्मा कापूस कोरडा होता, अंगणातला ओला होता. तो वाळवायला धोंडीबाकडे जागा नव्हती. मळ्यात चिखल, अंगण सावलीचं. मॅडम म्हणाल्या, स्लॅबवर टाका. वर दिवसभर ऊन असतं, खाली चिखल नाही, कोरडाही वरच ठेवा, ताडपत्री मी आणते. धोंडीबानं विचार केला. मनकर्णानं विचार करू दिला नाही, शिडी आणायला निघालीसुद्धा. संध्याकाळपर्यंत गाव कामाला लागलं, कापूस वर चढला आणि खोली रिकामी झाली.

तेव्हापासून खाली शाळा आणि वर धोंडीबा. माकडांची राखण म्हणून तो छत्री घेऊन स्लॅबवर बसायचा, कापूस हलवायचा, आणि दुसरं काम नसल्यामुळे शाळा ऐकायचा. पोरं पाढ्यात अडकली की वरून खोकायचा. मॅडमनी दोनदा सांगितलं, की काका, उत्तर सांगू नका. तो म्हणाला, मी खोकून राह्यलो, उत्तर कुठं सांगतो?

साहेब आले ते दुपारी, जीपमधून. पत्र्याची उघडी खोली पाहिली, मान हलवली. मग स्लॅबच्या खोलीत आले. पोरं ओळीनं बसलेली, भिंतीवर चित्रं चिकटवलेली. साहेब तेलुगू, पण आदिलाबादेत नोकरी करून मराठी शिकलेले. त्यांनी कोपऱ्यात वाकून कापसाची एक लड उचलली. बोटांत फिरवली. मी दाराशीच उभा होतो. शाळेत कापूस भरत होते हे कळलं तर धोंडीबा अडकणार, मॅडम अडकणार, आणि शाळेला टाळं लावायला साहेबाला निमित्त मिळणार. मॅडमचा चेहरा उतरला. वर खोकणंसुद्धा थांबलं.

साहेबांनी समोरच बसलेल्या रंजीताला विचारलं. तिच्या कपाळावर अजून पट्टी होती.

"बाळा, या खोलीत पहिले काय होता?"

रंजीता उभी राहिली. खोटं कसं बोलायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आम्ही मोठे तेवढं शिकवायचं विसरलो होतो.

"पहिले कापूस होता," ती म्हणाली.

"आणि आता?"

"आता आमी हावो."

साहेबांनी लड हळूच खिशात टाकली. बाहेर आले, जीपपाशी थांबले आणि मॅडमना म्हणाले, की बसायला जागा आहे, पोरं कुठेही पाठवू नका, पत्र्याचं मी बघतो. मॅडमनी हात जोडले. मग साहेबांनी वर पाहिलं. स्लॅबच्या कठड्यावरून छत्री आणि धोंडीबाचं डोकं दिसत होतं.

"ओ मामा," साहेब म्हणाले, "वरचा माल परत खाली येऊ देऊ नका."

धोंडीबा उठून उभा राहिला. एका हातानं छत्री धरली, दुसऱ्या हातानं कमरेची किल्ली चाचपली आणि म्हणाला, "नाई येत साहेब. खाली आता जागा कुठी राह्यली?"