पाठीला माती

बब्रुवान सरांच्या पाठीला उभ्या जिल्ह्यात कुणी माती लावली नव्हती, आणि ही गोष्ट ते भेटेल त्याला स्वतःच्या पैशानं चहा पाजून सांगायचे. मुरुमच्या शाळेत ते खेळाचे शिक्षक. यंदा शाळेत ज्युदो आला तेव्हा सर शिबिराला जाऊन आले आणि म्हणाले, "कोट घातलेली कुस्तीच की ही."

शिबिरात सगळ्यात आधी पडायला शिकवलं होतं. हनुवटी छातीला लावायची, पाठ गोल करायची, पडता पडता हात मॅटवर सपकन आपटायचा, म्हणजे मार अंगात जात नाही. सरांनी तो धडा खुशाल गाळला. उताणं पडणं म्हणजे त्यांच्या लेखी नाक कापून घेणं. ज्युदोतही पाठीवर आदळलं की डाव गेला, एवढंच त्यांनी नेमकं लक्षात ठेवलं. मग व्हायचं तेच झालं. ज्युदोच्या वर्गातल्या कृष्णराजचं हासळीचं हाड मोडलं, एका पोराचे पुढचे दात गेले. पण सरांचा हेका सुटेना. अशा माणसाला काय म्हणावं?

त्यांची लेक अर्पिता त्याच वर्गात होती. तिला जिल्ह्याच्या स्पर्धेत उतरवायचं सरांनी मनावर घेतलं होतं. तिच्या वजनाची दुसरी पोरगी नव्हती, म्हणून जोडीला रणधीर दिला. तो वर्गातला सगळ्यात दांडगा पोरगा.

रणधीरनं तिला कमरेवरून फेकलं. ती हवेतच वळली आणि तोंडावर आदळली. नाकातून भळभळा रक्त आलं.

"शाब्बास. पाठ लागू दिली न्हाय," सर म्हणाले. "टाक परत."

तो टाकत राहिला, ती तोंडावर, खांद्यावर, गुडघ्यावर आपटत राहिली. पांढऱ्या कोटाची छाती लाल झाली.

"सर, बास करू का? लई रगत येतंय हिला."

"टाक म्हनतो न्हवं."

"म्या न्हाय टाकत," म्हणून रणधीर मॅटवरून उतरला.

सरांच्या डोक्यात सणक गेली. त्यांनी स्वतःच लेकीची कॉलर धरली आणि कुस्तीच्या फडात टाकावं तसं सगळ्या ताकदीनं तिला फेकलं. अर्पितानं अंग वळवून हात खाली टेकला. त्या एका हातावर ती आली, आणि तिच्या मागोमाग बापाचं अख्खं वजन आलं. कडकन आवाज झाला. कोपर उलटं वळलं होतं.

एक पोरगी भिंतीकडं तोंड करून ओकली. रणधीर लाकडी पट्टी आणि ओढणी घेऊन धावत आला. "हिला आडवी करा, सर. हात बांधू."

अर्पिता धडक्या कोपरावर अर्धी उठून बसली होती. तोंड पांढरंफटक, पण पाठ मॅटपासून वर.

"अर्पू, झोप. उताणी झोप."

"न्हाय."

"आगं, संपला डाव."

तिनं दात आवळले. सरांनी तिच्या चांगल्या खांद्यावर हात ठेवून दाबलं. मोडका हात लोंबत असताना पोरीनं डोकं मागं टेकून कमान केली, लहानपणापासून त्यांनीच घोटून घेतली होती तशी. त्यांना जोर लावावा लागला. शेवटी पाठ टेकली.

"हरले, पप्पा," ती म्हणाली, आणि तोवर हूं की चूं न केलेली पोर हमसून रडायला लागली. सरांनी खांद्यावरचा हात काढला नाही. काढला असता तर ती पुन्हा उठली असती.