पेटीचा आकडा

डेल्मर स्टिडमच्या दुकानात त्या मंगळवारी सकाळी दोनच गिऱ्हाइकं होती. एक नवं लग्न झालेलं जोडपं आणि दुसरी ओपल टॅकेट. जोडप्यातल्या नवऱ्याला काचेखालचं सगळ्यात मोठं पिस्तूल हवं होतं, आणि बायको बिचारी दबक्या आवाजात सांगत होती की ते तिच्या हातात मावतच नाही.

"मावत नाही तर नका घेऊ," ओपल मागून म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं, पण केंटकीच्या डोंगरातल्या बायका विचारायची वाट बघत नाहीत. "घरात दोघं राहणार, तर दोघांच्या हातात बसेल असं घ्या. आणि आधी कुलपाची पेटी, मग पिस्तूल."

डेल्मर हसला. "ऐका रे काकूंचं. हे वाक्य मी बारा वर्षांचा असताना हार्लन मास्तरांकडून पाठ केलंय."

निम्म्या खोऱ्यानं केलं होतं. ओपलच्या नवऱ्यानं, हार्लन टॅकेटनं, तीस वर्षं कोळशाच्या खाणीत काढली आणि दर शनिवारी चर्चच्या तळघरात लोकांना फुकट बंदूक शिकवली. नेमबाजी सगळ्यात शेवटी. आधी बोट कुठं ठेवायचं, गोळ्या कशा काढायच्या, हत्यार कुलपात कसं ठेवायचं. 'समोर कोण आहे ते कळेपर्यंत बोट चापाबाहेर!' हे तो इतक्यांदा ओरडायचा, की पोरं रस्त्यात त्याची नक्कल करायची.

जोडपं विचार करून येतो म्हणून गेलं. ओपल काउंटरपाशी सरकली.

"मला आकड्यांच्या कुलपाची पेटी दे."

"मास्तरांची किल्लीवाली आहे की चांगली."

"किल्ली तो गळ्यात घालून फिरतो, डेल्मर. आंघोळीलासुद्धा काढत नाही."

मास्तरांचं सगळं खोऱ्याला माहीत होतं. दोन वर्षांपासून त्यांची आठवण झिजत चालली होती. कधी टोपी शोधत दिवस जायचा, कधी मेलेल्या भावाशी गप्पा चालायच्या. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "घरात हत्यार आहे का?" आणि रविवारी चर्चमध्ये लहान मुलांना 'खोटं बोलू नये' शिकवणारी ओपल तोंड वर करून म्हणाली होती, "छे हो!"

"माझ्याकडे ठेवा की," डेल्मर म्हणाला. मागच्या खोलीत त्याच्याकडे अशी वीसेक हत्यारं होती, नावाच्या चिठ्ठ्या बांधलेली. कुणाचा घटस्फोट चाललेला, कुणाचा पोरगा लढाईवरून आल्यापासून रात्र रात्र रडणारा. डेल्मर का म्हणून कधी विचारत नसे. माणूस सावरला की येऊन आपलं घेऊन जाई.

"एकदा पेटी उघडी राहिली तेव्हा लपवून पाहिलं मी. पिठाच्या डब्यात. जेवण झालं की पेटी उघडून बघायची त्याची सवय. सापडलं नाही तर घर उलटंपालटं केलं, आणि मग जमिनीवर बसून लहान पोरासारखा रडला. 'नेलं त्यांनी, आता ओपलला कोण सांभाळणार?'" तिनं नाक पुसलं. "आणि मला नको का ते? मागच्या महिन्यात वरच्या वाडीत औषधाच्या गोळ्यांची नशा करणाऱ्यांनी एकाचं दार फोडलं. पोलिसांची गाडी यायला पाऊण तास. मला उघडता यावी आणि त्याला येऊ नये, अशी पेटी दे. पेटी उचलून वजन लागलं की होतो तो शांत."

डेल्मरनं पेटी काढली. "चार आकडे. पण तारीख नको काकू. लग्नाची नको, मास्तरांच्या जन्माची नको. माणूस बाकी सगळं विसरतो आणि नेमकं तेच..."

"माझा वाढदिवस घालते," ओपल म्हणाली, आणि दोघंही फिसकन हसले.

कारण हार्लननं सेहेचाळीस वर्षांत बायकोचा वाढदिवस एकदाही लक्षात ठेवला नव्हता. चर्चच्या नोव्हेंबरातल्या जेवणावळीत ओपल दर वर्षी उभी राहून त्याची गोष्ट सांगायची, साग्रसंगीत. एका वर्षी तर त्यानं फेब्रुवारीत, भर बर्फात, लाल रिबन बांधून ढकलगाडी आणली होती. 'वाढदिवसाच्या शुभेच्छा!' लोक हसून हसून लोळायचे, आणि हार्लन मान खाली घालून जेवत राहायचा.

"याहून पक्का आकडा अख्ख्या राज्यात मिळायचा नाही," डेल्मर डोळे पुसत म्हणाला. "पण गोळ्या वेगळ्या ठेवा हं."

"रिकामं पिस्तूल म्हणजे हातोडा. कोण म्हणायचं?"

मास्तरच म्हणायचे. मास्तरांच्या शब्दापुढं डेल्मरची जीभ रेटली नाही. तिथंच चुकलं दोघांचं. ज्या माणसानं नियम घातले तो आता तो माणूस राहिला नव्हता, आणि हे कबूल करायची दोघांचीही छाती होत नव्हती.

त्या संध्याकाळी किल्ली मिळवायला ओपलला त्याचे केस कापायचं निमित्त काढावं लागलं. रिव्हॉल्व्हर नव्या पेटीत ठेवताना तिनं ते क्षणभर हातात धरलं. अजून तसंच बसत होतं. खाणीत रात्रपाळी लागली तेव्हा हार्लननं तिच्यासाठीच घेतलेलं. दुकानात तिचा पंजा आपल्या तळहातावर पसरून मापला होता, अकरा पिस्तुलं तिला धरायला लावली होती, आणि दुकानदार वैतागला तरी हलला नव्हता. 'माझी बायको रात्री एकटी असते, घाई नको.'

पुढचे आठ-नऊ दिवस बरे गेले. जेवण झालं की हार्लन पेटी उचलायचा, चार बटणं दाबून बघायचा, हलवायचा, "आहे" म्हणायचा आणि झोपायला जायचा. ओपलनं सुटकेचा निःश्वास टाकला.

मग गुरुवार आला. सकाळी ती शेजारी घेवड्याच्या शेंगा द्यायला गेली. गार वारा होता म्हणून डोक्याला रुमाल बांधला होता. दहा मिनिटांत परतली, मागचं दार ढकललं, आणि जागीच थिजली.

"तिथंच थांबा, बाई."

हार्लन चुलीपाशी उभा होता. पायात एकच मोजा. रिव्हॉल्व्हर सरळ तिच्या छातीवर धरलेलं.

"हार्लन, अरे मी..."

"माझं नाव कुठून कळलं तुम्हाला?" आवाज जुनाच, शनिवारच्या वर्गातला. "हे माझ्या बायकोचं स्वयंपाकघर आहे. ती शेजारी गेलीय. ती यायच्या आत निघा. ती बघेल तर घाबरेल, आणि ते मला चालायचं नाही."

ओपलला ओरडावंसं वाटलं, रुमाल काढून फेकावासा वाटला. पण हात हलवायची भीती. तेवढ्यात तिचं लक्ष त्याच्या बोटाकडे गेलं. बोट चापावर नव्हतं. बाहेर, सरळ, लोखंडाला चिकटून होतं. समोर कोण आहे ते त्याला कळत नव्हतं, म्हणून बोट बाहेर होतं. ती त्या बोटाकडे बघतच बोलायला लागली.

"पेटीला कुलूप होतं ना? कसं उघडलंत?"

"बायकोच्या वाढदिवसानं," तो म्हणाला. "अकरावा महिना, नऊ तारीख. आज सकाळी सुचलं. आकडा तिनं घातला म्हणजे तोच असणार. तिला वाटतं, मला आठवत नाही."

ओपलची नजर बोटावरून त्याच्या चेहऱ्याकडे गेली.

"पहिल्या वर्षी खरंच विसरलो होतो," हार्लन म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं. "तिनं ते चर्चच्या जेवणात सांगितलं. आईबापाविना वाढलेली पोर हो ती. चारचौघांत तोंड उघडायची नाही. त्या दिवशी सगळे तिच्याकडे बघत होते, हसत होते, आणि ती अशी काही फुलली! म्हटलं, राहू दे. मग दर वर्षी विसरत गेलो. ढकलगाडी मी नोव्हेंबरातच आणली होती. फेब्रुवारीपर्यंत भावाच्या कोठारात लपवली." तो एकदम थांबला. "तिला सांगू नका हं."

"नाही सांगणार," ओपल म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात उचलता येत नव्हता. सेहेचाळीस वर्षं तिनं त्याला सगळ्या गावासमोर वेडा ठरवलं होतं, आणि तो तिच्या हसण्यापायी मान खाली घालून जेवत राहिला होता. आता हे कळलं. तर ज्याला मिठी मारायची तो तिला घराबाहेर काढत होता.

"ते माझ्याकडे द्या," ती म्हणाली. "तिला नेऊन देते मी."

"भरलेलं? अनोळखी माणसाच्या हातात?" हार्लनला धक्काच बसला. "कुणी शिकवलं तुम्हाला?"

त्यानं नळी जमिनीकडे केली, गोळ्यांचं चक्र बाजूला काढलं, पाच गोळ्या तळहातावर घेतल्या आणि टेबलावर ओळीनं मांडल्या. मग उघडं रिव्हॉल्व्हर तिच्यापुढं धरलं. "बोट घालून बघा. पाचही भोकं. माझ्या शब्दावर जाऊ नका. कुणाच्याच शब्दावर जाऊ नये."

ओपलनं बोट घालून एकेक भोक तपासलं. मग ते घेतलं.

दुपारी शेजारणीला हार्लनपाशी बसवून ती डेल्मरकडे गेली. रिव्हॉल्व्हर काउंटरवर ठेवलं. डेल्मरनं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि चिठ्ठी काढली.

"मास्तरांचं नाव लिहू?"

"माझं लिही. माझ्यासाठीच घेतलं होतं त्यानं."

पेटीत ठेवायला डेल्मरनं त्याच मापाचं एक जुनं रिव्हॉल्व्हर दिलं, नळीत शिसं ओतून कायमचं बंद केलेलं. "पण उघडली कशी त्यांनी?"

"लागला असेल आकडा चुकून," ओपल म्हणाली.

"बदलून देऊ?"

"नको. असू दे तोच."

डॉक्टरीणबाईंना मात्र तिनं फोन करून खरं काय ते सांगितलं. घरात हत्यार नाही म्हणून दाराला अडसर बसवला. रोज जेवण झालं की हार्लन चार बटणं दाबायचा, पेटी उघडायचा, "आहे" म्हणायचा. ओपल शेजारी बसून त्याचं बोट बघायची. एक, एक, शून्य, नऊ.

नोव्हेंबरात चर्चची जेवणावळ झाली. हार्लनला ती बरोबर घेऊन गेली होती. सकाळपासून तो तिला 'बाई'च म्हणत होता. जेवण अर्ध्यावर आलं तसा डेल्मर ओरडला, "काकू, यंदा तरी लक्षात राहिला का?"

मास्तरांची अवस्था बघून कुणाला हसायचा धीर होईना. डेल्मरलाही ओशाळल्यासारखं झालं. ओपल उठून उभी राहिली. तिनं हार्लनकडे एकदा बघितलं.

"कसला राहतोय!" ती खणखणीत आवाजात म्हणाली. "यंदाही विसरला मेला! आणि त्या ढकलगाडीचं सांगते, ऐका..."

लोक हसले, आधी दबकत, मग पोट धरून. हार्लनही हसला. ती खाली बसली तेव्हा तो तिच्याकडे झुकून हळूच म्हणाला, "कोण हो बाई हा विसरभोळा?"

"आहे एक," ओपल म्हणाली, आणि त्याला आवडतो तसा त्याच्या पेल्यातल्या ताकात मक्याचा पाव कुस्करून दिला.